गाळ आणि भराव

डोंगर अढळ असतो, ही समजूत माणसाच्या अल्प आयुष्यातून जन्मलेली आहे. साठ-सत्तर वर्षे जगणाऱ्याला डोंगर जागच्या जागी दिसतो, नदी त्याच पात्रातून वाहताना दिसते, किनाराही वडिलांनी दाखवला तेथेच असल्यासारखा वाटतो. वस्तुतः यांपैकी काहीही स्थिर नाही. पाऊस डोंगर झिजवतो, नदी तो झिजलेला डोंगर गाळाच्या रूपाने वाहून नेते, समुद्र कुठे किनारा खातो तर कुठे नवा रचतो. पृथ्वी एकदाच घडवून पूर्ण झाली आणि मग तशीच राहिली, असे कधीच झालेले नाही.

या सत्यातूनच एक युक्तिवाद निघतो आणि तो हल्ली वारंवार कानी पडतो. निसर्ग स्वतःच जर डोंगर फोडतो, खाडी बुजवतो, गावे गिळतो, तर माणसाने एखादी टेकडी खणली, एखादे तळे भरून त्यावर इमारत बांधली, तर त्यात पाप ते कोणते? बदल हा सृष्टीचा नियमच आहे. मग बदलाचा दोष माणसाच्याच माथी का? ठेकेदाराच्या तोंडी हा प्रश्न आला की आपण तो हसण्यावारी नेतो. परंतु तो आपल्याच ओटीवर, आपल्याच भावाच्या तोंडून येतो तेव्हा उत्तर चटकन सापडत नाही. प्रश्न पोरकट नाही. त्याला न्याय द्यायचा तर तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी वसईइतकी जवळची भूमी दुसरी नाही.

वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. त्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर पसरलेला लाव्हा. त्यानंतरच्या अगणित पावसाळ्यांनी त्याला आजचा आकार दिला. पश्चिमेचा सपाट पट्टा मात्र अगदी कालचा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आपला किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. बर्फ वितळत गेले, समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी जवळपास आजच्या पातळीला येऊन ठेपला. मग लाटांनी रेती लोटली, उल्हास आणि वैतरणा या नद्यांनी गाळ आणला, आणि ज्या भूमीवर आपल्या वाड्या, विहिरी व चर्चच्या इमारती उभ्या आहेत ती हळूहळू पाण्याबाहेर आली. आपण जिला पूर्वापार भूमी म्हणतो ती पृथ्वीच्या वयाच्या मानाने तान्हे मूल आहे.

आणि या तान्ह्या भूमीने एक बंदरही गिळले. आजच्या नालासोपाऱ्याचे पूर्वरूप असलेले शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे. सम्राट अशोकाने येथे आपल्या आज्ञा कोरवल्या. आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात सापडला. जेथे गलबते नांगर टाकत, तेथे आज पक्की जमीन आहे. ते बंदर बुजवण्याचा ठराव कोणी केला नव्हता. वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, व्यापार दुसरीकडे गेला. तेथल्या किती हमालांची, किती नावाड्यांची पोटे त्या गाळाने मारली असतील! तरीही आपण गाळाला दोषी धरत नाही.

मग डंपरमधून ओतलेल्या भरावाला का धरायचे? मातीच तीच आणि पाणी बुजवण्याचे कामही तेच.

याचे पहिले उत्तर वेगाचे आहे. ब्रूस विल्किन्सन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने २००५ साली एक हिशेब मांडला. गेल्या पन्नास कोटी वर्षांत नैसर्गिक झिजेमुळे खंडांचा पृष्ठभाग सरासरीने दर दहा लाख वर्षांत काही दशक मीटर इतकाच खाली गेला. उलट आज शेती आणि बांधकाम यांमुळे माणूस जितकी माती व खडक हलवतो, तो वेग दर दहा लाख वर्षांत काही शे मीटर झीज होण्याइतका आहे. याचा अर्थ, पाऊस, नद्या, हिमनद्या, वारा या सर्वांच्या एकत्रित कामापेक्षा माणसाचे काम सुमारे दसपट ठरते. कुदळ घेऊन निघालेला हा प्राणी आता स्वतःच एक भूशक्ती झाला आहे.

परंतु वेग म्हणजे पाप नव्हे. भूकंप काही सेकंदांत जे करतो ते कोणत्याही खदाणीला साधणार नाही. वेगाला नैतिक अर्थ येतो तो एका वेगळ्याच कारणाने. सोपाऱ्याचे बंदर बुजायला कित्येक पिढ्या लागल्या. त्या पिढ्यांना दुसरे बंदर, दुसरा धंदा शोधायला अवधी मिळाला. समुद्र सावकाश चढला तर तिवराचे रान मागे सरकते. बी पडते, रोप रुजते, रान जमिनीच्या दिशेने वाटचाल करते. एका उन्हाळ्यात पुरा झालेला भराव मात्र शेजाऱ्याला एक पावसाळाही देत नाही. एप्रिलमध्ये ट्रक येतात, मे महिन्यात जमीन सपाट होते आणि जूनमध्ये पाणी पलीकडच्या घरात शिरते. भराव टाकणाऱ्याने केवळ तळे घेतलेले नसते, शेजाऱ्याचा सावरायचा वेळही घेतलेला असतो. येथे प्रश्न भूशास्त्राच्या हद्दीतून निघून नीतीच्या हद्दीत येतो.

तत्त्वज्ञांच्या जगात हा वाद जुना आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्चमध्ये उपासना चालू होती. छते कोसळली, मग समुद्र आत आला, मग आग लागली. (वसई सोळा वर्षांपूर्वीच, १७३९ साली, पोर्तुगिजांच्या हातून गेलेली होती.) सणाच्या दिवशी भाविकांवरच हे संकट कसे, या प्रश्नाने युरोपातील विचारवंत अस्वस्थ झाले. व्हॉल्तेअरने कविता लिहून ईश्वरी योजनेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. १७५६ सालच्या ऑगस्टमध्ये रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सहा-सात मजली वीस हजार घरे त्या एका ठिकाणी निसर्गाने आणून ठेवली नव्हती. भूमी हादरली हे खरे, पण माणसांची तशी दाटी माणसांनीच केली होती.

रूसोचा मुद्दा मोलाचा आहे. तथापि मला तो अर्धाच वाटतो. लिस्बनच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईने तो मजला आपल्या इच्छेने निवडला होता का? शहराची मांडणी करणारे वेगळे आणि त्या मांडणीत चिरडले जाणारे वेगळे. २०१८ सालच्या जुलैमध्ये वसई-विरार भाग पाण्याखाली गेला, रेल्वे ठप्प झाली, तेव्हा मिठागरात राहणाऱ्या शेकडो लोकांभोवती पाण्याचा वेढा पडला. त्यांनी एकही तळे बुजवले नव्हते. पाऊस निसर्गाचा होता, पाण्याच्या वाटा बुजवण्याचे काम माणसांचे होते आणि बुडण्याची पाळी तिसऱ्याच कोणावर आली. 'निसर्ग की माणूस' असा सरळ सवाल विचारला की हा तिसरा माणूस नेमका नजरेआड होतो.

याचा अर्थ माणसाने भूमीला हातच लावू नये, असा निघतो का? तसे म्हणणाऱ्यांनी गोव्याचे खाजण पाहावे. मांडवी-झुवारीच्या काठची ही शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. पूर्वजांनी तिवराचे रान हटवून, माती, पेंढा आणि दगड यांचे बांध घालून ती खाडीकडून मिळवली. बांधात जागोजागी 'मानस' नावाचे दार असते. भरती आली की पाण्याच्याच दाबाने ते मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. तेथे कोरगूट नावाचा खारे पाणी सोसणारा भात होतो, मानसीच्या तोंडाशी मासळी मिळते, पक्षी येतात. खाजण हे निसर्गाचे मूळ रूप नव्हे. ते पूर्णपणे माणसाचे काम आहे. परंतु ते कधी पुरे होत नाही. खेकडा बांधाला भोक पाडतो, उधाण बांध खाते. गावकरीची जुनी व्यवस्था होती तोवर बांध कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त करायचा हे ठरलेले असे. जेथे हे ठरवणारे कोणी उरले नाही, तेथे बांध फुटले, शेतात खारे पाणी शिरले आणि तिवर परत आले.

आपल्या वसईचे बावखल हे त्याच जातीचे. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीच्या कडेला हाताने खणलेले गोड्या पाण्याचे तळे. खणलेल्या मातीने वाडी उंच होई आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठे. त्यावर रहाट बसे, बैल फिरत, पाटाने पाणी केळीच्या आणि पानवेलीच्या मुळांशी जाई. ज्या राजेळी केळीची सुकेळी आपण अभिमानाने पाहुण्यांपुढे ठेवतो, ती या पाण्यावर पोसलेली. बावखलाचे दुसरे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. रेताड किनाऱ्याखाली समुद्राचे खारे पाणी असते आणि त्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत असते, कारण ते हलके. या दोहोंमधील तोल विलक्षण नाजूक आहे. ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरचे एक मीटर गेले, की खालचे चाळीस मीटर धोक्यात येतात. बावखले पावसाळाभर हे वरचे पाणी जमिनीत मुरवतात आणि समुद्राला खालच्या खाली थोपवून धरतात.

ज्यांनी ती खणली त्यांना हा नियम पुस्तकातून ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाणी कुठे गोडे लागते आणि किती उपसले की मचूळ होते, हे जिभेला कळत होते.

आता बावखल कसे नाहीसे होते ते पाहा. ही क्रिया इतकी साधी आहे की तिच्यात खलनायक शोधूनही सापडत नाही. बावखलाचा गुंठा पाण्याखाली, म्हणून त्याला भाव नाही. भराव पडला की भाव येतो. एक भाऊ परदेशी आहे, एकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत. बैल केव्हाच गेले, मजूर परवडत नाही, विहीर मचूळ झाली आहे. विहीर मचूळ का झाली? ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाड्यांच्या विहिरींचे पाणी टँकरने भरभरून बाहेर गेले म्हणून. टँकरला पाणी कोणी विकले? आणि ते पाणी कोणी प्यायले? नव्या वसाहतींतील लोकांनी, ज्यांना नळ नव्हता. प्रत्येक पायरीवर एक कायदेशीर कागद, एक खरी गरज आणि एक साधा माणूस उभा आहे. हरित वसईच्या चळवळीने आणि २०२४ साली निवर्तलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बिल्डरांविरुद्ध व टँकरविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांना गुंडगिरीशी झुंजावे लागले, हे सर्वश्रुत आहे. गुंडाशी झुंजायला धैर्य लागते; परंतु या साध्या माणसाशी काय बोलावे, हे त्याहून अवघड आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या परिपत्रकात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला. अनेकांच्या लहानलहान कृतींतून अशी एक व्यवस्था उभी राहते, की पुढे ती व्यवस्थाच माणसांना वाकवू लागते, असा त्याचा आशय. त्यात त्यांनी एक गोष्ट निसटू दिली नाही: संरचना आपोआप उभी राहत नाही, तिच्या मुळाशी व्यक्तींची कृत्ये असतात. त्यामुळे 'सगळेच विकतात' हा बचाव टिकत नाही. त्याचबरोबर, शेवटचे बावखल बुजवणाऱ्या एकट्या शेजाऱ्याच्या माथी सारा पूर मारणेही टिकत नाही. गाळ आणि भराव यांतला फरक येथे हाती लागतो. गाळाच्या कणाला विचारता येत नाही की तू येथे का बसलास. भराव कोणाच्या तरी सहीने पडलेला असतो. ज्याला विचारता येते आणि ज्याला उत्तर देता येते, त्याचेच कृत्य बरे किंवा वाईट ठरते. म्हणून बदल करणारा माणूस निसर्गाचा दाखला देऊन सुटू शकत नाही. नदीच्या पंक्तीला बसायचे, तर तोंडची वाचाही सोडून द्यावी लागेल.

यावर वाडीवाला जे म्हणेल ते मला ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. 'शहराला हिरवळ हवी, हवा हवी, पुराचे पाणी मुरायला जागा हवी. आणि ती सारी माझ्या अंगणात, माझ्या खर्चाने! माझ्या मुलांनी केळीच्या बागेत राबायचे आणि तुम्ही दिवाणखान्यात बसून हरित वसईच्या गप्पा मारायच्या.' हे बोलणे कडू आहे, पण खोटे नाही. बावखलाचा लाभ सगळ्यांना आणि तोटा एकाला, ही वाटणी अन्यायाचीच आहे. जो समाज, जी महानगरपालिका त्या पाण्याच्या जिवावर कोरडी राहते, तिने त्याची किंमत मोजली पाहिजे. तशी व्यवस्था न करता शेतकऱ्याला केवळ उपदेश करणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. तसेच पूर्वेच्या चाळीत राहायला आलेल्या कुटुंबाकडे बोट दाखवणेही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. ही माणसे हौसेने दलदलीत राहायला आलेली नाहीत आणि तळमजल्यावर पाणी चढते ते पहिल्यांदा त्यांच्याच चुलीपर्यंत.

तरीही वाडीवाल्याच्या युक्तिवादात एक जागा पोकळ आहे. 'जमीन माझी, मी विकली' असे तो म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय विकले? लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या विक्रीचा एक चमत्कारिक वाटणारा नियम आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे. योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघतील तितक्यांचीच किंमत घ्यायची. म्हणजे विकत दिली जातात ती पिके, जमीन नव्हे. आजच्या खरेदीखतात हा नियम बसवता येणार नाही, हे उघड आहे. परंतु त्यातली दृष्टी बावखलाला चपखल लागू पडते. गुंठे त्याचे होते, हे मान्य. त्याच्या तळ्यातून झिरपून शेजारच्या तीन विहिरींना गोडे ठेवणारे पाणी त्याचे होते का? ते त्याने कोणाला विचारून विकले?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सत्तेच्या आज्ञेचा आधार घेऊन ख्रिस्ती माणसाने पृथ्वी ओरबाडली, असा आरोप आपल्यावर होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याचे उत्तर देताना दुसऱ्या अध्यायाकडे लक्ष वेधले. तेथे माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला. मशागत म्हणजे बदल करणे. तो वर्ज्य नाही. मात्र राखण हा शब्द त्याला जोडूनच येतो. वाडीतल्या माणसाला राखण म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. राखणदाराला रात्री जागावे लागते आणि सकाळी मालकाला जाब द्यावा लागतो.

आणि राखण म्हणजे नुसते हात न लावणे नव्हे. बावखल तसेच सोडले तरी ते उरत नाही. पाने पडतात, पावसाबरोबर माती येते, शेवाळ माजते. काही वर्षांत एकही डंपर न येता ते उथळ होते, मग दलदल आणि मग जमीन. सोपाऱ्याच्या बंदराचे जे झाले तेच लहान प्रमाणावर. म्हणून वैशाखात पाणी तळाला गेले की गाळ काढावा लागे आणि तो काळाभोर गाळ केळीच्या आळ्यात घातला जाई. अलीकडे काही गावांत तरुण मंडळी पुन्हा या कामाला लागली आहेत. परंतु पुष्कळ बावखले आज चार-पाच भावांच्या सामाईक मालकीची आहेत; एक येथे, एक मुंबईत, दोघे देशाबाहेर. वाटणीच्या बैठकीत घराच्या खोल्यांवर, नारळांच्या झाडांवर, रस्त्याकडेच्या तुकड्यावर बोलणे होते. येत्या वैशाखात गाळ काढायला माणसे कोणी लावायची आणि त्यांची मजुरी कोणी द्यायची, हा विषय त्या बैठकीत अजून कोणी काढलेला नसतो.